आधी नाते, मग वाक्य

हनोईच्या जुन्या पेठेत फुटपाथवर गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून बर्फाचा चहा पिता येतो. चहा देणाऱ्या बाई बऱ्याचदा साठीच्या पुढच्या असतात. व्हिएतनामी नुकतीच शिकू लागलेला मराठी तरुण त्यांच्यापुढे बसतो आणि पुस्तकातून पाठ केलेले वाक्य म्हणतो. वाक्यात ‘तोइ’ असतो, म्हणजे ‘मी’; ‘बान’ असतो, म्हणजे पुस्तकाच्या मते ‘तुम्ही’. व्याकरण बरोबर असते, अर्थही पोचतो. तरी बाई उत्तर देण्याआधी विचारतात, ‘जन्म कोणत्या सालचा?’

तरुण बिचकतो. पहिल्या भेटीत वय कशाला? पण बाईंचे वाक्य त्या एका माहितीवाचून अडलेले असते. समोरचा आपल्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे, मुलाच्या की नातवाच्या, हे कळल्याशिवाय त्याला काय म्हणायचे ते ठरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःला काय म्हणायचे तेही ठरत नाही. शिवाय ‘बान’चा मूळ अर्थ मित्र किंवा मैत्रीण. साठीच्या बाईंना तिशीच्या मुलाने मैत्रीण म्हटलेले असते.

व्हिएतनामीत रोजच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या जागा नात्याची नावे घेतात. ‘आञ’ म्हणजे थोरला भाऊ, ‘ची’ म्हणजे थोरली बहीण, ‘एम’ म्हणजे धाकटे भावंड, मुलगा असो वा मुलगी. धाकटा थोरल्याशी बोलतो तेव्हा ‘एम’चा अर्थ ‘मी’ आणि ‘आञ’चा अर्थ ‘तू’. थोरला उत्तर देतो तेव्हा शब्द तेच राहतात, अर्थ मात्र उलटतात. ‘एम डी’ या दोन शब्दांत जाण्याची गोष्ट आहे. पण जाणारा बोलणारा की ऐकणारा, हे कोण कोणाशी बोलते आहे यावरून समजायचे. प्रेमाची कबुलीही याच जोडीत दिली जाते. तो स्वतःला ‘आञ’ म्हणतो आणि तिला ‘एम’. ती तेच दोन शब्द जागा बदलून परत करते. मुलगी वयाने थोडी मोठी असली तरी प्रेम जमल्यावर बहुतेकदा हीच जोडी वापरली जाते. ओळखीच्या वर्तुळात दोघांचे संबोधन बदललेले ऐकू आले, की वेगळे काही जाहीर करावे लागत नाही.

नवशिक्याला हे सारे परके वाटते, कारण तो बहुधा इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकावरून शिकत असतो. मराठी घरात हीच रीत अर्धी नांदते. ‘थांब हं, आई आली’ असे आईच म्हणते. ‘बाबा तुला उद्या नेतो’ असे बाबाच सांगतो. रडणाऱ्या पोराला उचलताना आत्या स्वतःला आत्याच म्हणते, ‘मी’ म्हणत नाही. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, बसमधली अनोळखी ताई, दुकानातला दादा, यांतल्या कोणाशी रक्ताचे नाते असते? मूल झाल्यावर सासूला सगळे घर ‘आजी’ म्हणू लागते आणि नवरा ‘चिंगीचे बाबा’ होतो. व्हिएतनामी घरातही आई दिराला, नणंदेला मुलांच्या तोंडच्या नावाने हाक मारते. मराठी माणसाने आई-बाळाच्या बोलण्यातली ही सवय उंबऱ्याबाहेर नेली, बँकेत, बाजारात, कचेरीत वापरली, की तो व्हिएतनामीच्या बराच जवळ पोचतो.

तरी एक मोठा फरक राहतो. मराठीत बराचसा आदर क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला असतो: जातोस, जाता, जाते, गेली. कर्ता गाळला तरी कोण, किती मोठा, पुरुष की बाई, हे बरेचसे कळते. व्हिएतनामी क्रियापद कोणासाठीही बदलत नाही. आजोबांचे जाणे आणि नातवाचे जाणे दोन्ही ‘डी’. त्यामुळे मान, माया, अंतर, राग यांचे बरेचसे ओझे संबोधनावर पडते. उरलेले वाक्याच्या शेवटच्या ‘आ’सारखे छोटे अदबीचे शब्द उचलतात. ‘चाउ चाओ बाक आ’ हा वडीलधाऱ्यांना केलेला साधा नमस्कार. त्यात ‘चाउ’ म्हणजे नातू, पुतण्या किंवा भाचा, आणि इथे तो ‘मी’ आहे. संबोधन गाळून नुसते ‘सिन चाओ’ म्हणणारा परदेशी माणूस उद्धट ठरत नाही. तो परका आहे एवढे कळते.

काका-मामांच्या दालनात मात्र मराठी माणूस घरी आल्यासारखा वावरतो. इंग्रजी ‘अंकल’ एका शब्दात जी माणसे कोंबतो, ती इथे वेगवेगळी उभी असतात. ‘चू’ म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, ‘काउ’ म्हणजे मामा. चूची बायको ‘थिम’, आपली काकू. ‘को’ ही आत्या. मावशीचे अक्षर एकच. उत्तरेत ते ‘झी’ ऐकू येते, दक्षिणेत ‘यी’. नवे शिकायचे ते ‘बाक’. आईवडिलांच्या थोरल्या भावंडांसाठी हा शब्द. उत्तरेत थोरली आत्या आणि थोरली मावशीही ‘बाक’च, दक्षिणेत बहुतेक करून त्या ‘को’ आणि ‘यी’ राहतात. अनोळखी माणसापुढे उभे राहिल्यावर हिशेब असा करायचा: हा माझ्या वडिलांहून मोठा दिसतो की लहान? मोठा असेल तर बाक, लहान असेल तर चू. म्हणजे परक्या देशातल्या रस्त्यावर दर वेळी स्वतःच्या बापाचे वय मनाशी धरावे लागते. शिकण्याच्या सगळ्या खटाटोपातली ही गोष्ट सर्वांत हृद्य आहे.

खऱ्या नात्यात वयापेक्षा शाखा मोठी. थोरल्या काकाचा मुलगा पाळण्यात असला तरी तो धाकट्या काकाच्या पन्नाशीतल्या मुलाचा ‘आञ’ लागतो. बटाट्याएवढा जीव असला तरी हाक पायरीप्रमाणेच मारावी, अशा अर्थाची म्हण तिथे आहे. दक्षिणेत त्यात क्रमांकांची भर पडते. सायगावकडे घरातल्या पहिल्या मुलाला ‘हाय’ म्हणतात आणि हाय म्हणजे दोन. दुसरे मूल ‘बा’, म्हणजे तीन. एक हा आकडा मोजणीत येतच नाही. उत्तरेत पहिल्या मुलाला ‘का’, म्हणजे थोरला, म्हणतात. तिथे हा दोनाचा घोळ नाही.

‘बा’ या अक्षरापाशी जरा थांबावे. सपाट सुरात ते तीन. दक्षिणेत तेच सपाट ‘बा’ वडिलांनाही म्हणतात, आपल्या खेड्यांत म्हणतात तसेच. सूर खाली उतरला की आजी. देवनागरीत हे सूर दाखवता येत नाहीत आणि व्हिएतनामीत प्रमाण सूर सहा आहेत. सूर व्याकरणाचेही काम करतो. ‘तो’ म्हणायला आञच्या पुढे ‘अइ’ जोडतात. दक्षिणेतल्या बोलण्यात ही दोन अक्षरे मिसळून एकच होतात आणि खाली वळणाऱ्या सुरात म्हटलेला नुसता ‘आञ’ म्हणजे ‘तो’ ठरतो.

मग ‘तोइ’ कुठे वापरतात? तोइचा जुना अर्थ चाकर, राजाची प्रजा. नम्रतेसाठी वापरलेला हा शब्द झिजत झिजत कोणत्याही नात्यात न बसणारा ‘मी’ झाला. सभेत, मुलाखतीत, बरोबरीच्या अनोळखी माणसांत तो शोभतो. घरात तो बोचतो. ‘आञ’ आणि ‘एम’ म्हणणाऱ्या जोडप्यात एकाने अचानक स्वतःला ‘तोइ’ म्हटले, तर आवाज चढलेला नसला तरी भांडण सुरू झालेले असते. दुसऱ्या टोकाला ‘ताओ’ आणि ‘माइ’ ही मी-तूची उघडीवाघडी जोडी आहे. जिवलग मित्रांत ती गोड लागते, रस्त्यावर ती शिवी ठरते. मराठी ‘अरे-तुरे’ला या दोन्ही टोकांचा अनुभव आहेच.

२ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह मैदानात हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली. मध्येच थांबून त्यांनी जमावाला विचारले, माझे बोलणे नीट ऐकू येते आहे ना? त्या प्रश्नात स्वतःसाठी त्यांनी ‘तोइ’ वापरला आणि लोकांसाठी ‘डोंग बाओ’. डोंग बाओचा शब्दशः अर्थ एकाच कुशीतले. आपला ‘सहोदर’ शब्द अक्षरशः त्याच अर्थाचा. व्हिएतनामी लोक शंभर अंड्यांच्या एका पोतडीतून जन्मले, या कथेशी तो शब्द जोडला जातो. पुढे लहान मुलांशी बोलताना हो ची मिन्ह स्वतःला ‘बाक’ म्हणवत आणि देशानेही त्यांना ‘बाक हो’ केले. इंग्रजीत त्यांचे ‘अंकल’ झाले आणि वडिलांपेक्षा थोरला, हा अर्थ त्यात हरवला.

पायऱ्या टाळण्याचे प्रयत्नही झाले. फ्रेंच अमलात शिकलेली शहरी मंडळी आपसात फ्रेंचवरून घेतलेले ‘मोआ’ आणि ‘तोआ’ वापरत. क्रांतीनंतर ‘डोंग ची’, म्हणजे कॉम्रेड, सरकारी आणि पक्षाच्या कामात संबोधन म्हणून चालले. घराचा दरवाजा उघडला, की चू, को आणि बाक तिथे होतेच.

परक्यांना या संबोधनांचे कोडे पूर्वीही पडले होते. व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन असा त्रैभाषिक कोश १६५१ मध्ये रोममध्ये छापला गेला. तो करणारा जेझुइट आलेक्सांद्र द रोद मूळचा आविन्योंचा. पूर्वेकडे येताना तो १६१९ मध्ये गोव्यात उतरला आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. तिथल्याच रायतूरला फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेल्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलायचे, हा धडा त्या परिसरात हवेतच होता. पुढे व्हिएतनामी प्रथम कानी पडली तेव्हा ती पक्ष्यांच्या किलबिलीसारखी वाटल्याचे त्याने नोंदवले आहे. त्याच्या कोशाला जोडलेले व्याकरण छोटेसे, आठ प्रकरणांचे. त्यातली दोन सर्वनामांना दिलेली आहेत. माप अगदी योग्य आहे.

खरी कसोटी दुभाष्याची आणि अनुवादकाची लागते. इंग्रजी चित्रपटातला माणूस ‘ब्रदर’ म्हणतो आणि पुढे बोलू लागतो. व्हिएतनामी उपशीर्षके लिहिणारा तिथेच थांबतो, कारण थोरला कोण हे ठरल्याशिवाय त्याला पहिली ओळ लिहिता येत नाही. दोन सहकारी कोणत्या दृश्यानंतर प्रेमात पडले हेही त्यालाच ठरवावे लागते, कारण त्या दृश्यापासून संबोधन बदलायला हवे. मराठी अनुवादकाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यात हा निर्णय घ्यावा लागतो. व्हिएतनामी अनुवादकापुढे वाटा दोनाहून पुष्कळ जास्त असतात.

एक ठेव मात्र मराठीने आयतीच दिली आहे. ‘चुंग तोइ’ म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. ‘चुंग ता’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासह. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा भेद समजावून घ्यावा लागतो, घोकावा लागतो. मराठी मुलाला तो पहिलीत जायच्या आधीपासून येतो.

म्हणून मराठी माणसाने व्हिएतनामीची सुरुवात ‘तोइ’ आणि ‘बान’ने करू नये. पहिल्या दिवशी सुटे शब्द न घेता जोड्या घ्याव्यात: आञ-एम, ची-एम, चू-चाउ, को-चाउ, बाक-चाउ. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी बोलून पाहावी, एकदा थोरला होऊन, एकदा धाकटा होऊन. दक्षिणेत जायचे असेल तर ‘चाउ’च्या जागी बहुतेकदा ‘कॉन’, म्हणजे मूल, चालेल. तोइ-बान महिन्याभराने आले तरी काही अडत नाही. अंदाज चुकला तर समोरचा माणूस स्वतःच योग्य शब्द सुचवतो आणि तो सुचवतो तेव्हा त्याने जवळ घेतलेले असते. आणि विमानात बसण्यापूर्वी स्वतःचे जन्मसाल व्हिएतनामी अंकांत न अडखळता सांगता येईल, एवढी तयारी कराच. चहाच्या पहिल्या पेल्याबरोबर तेच विचारतील.