अंधेरीच्या गाळ्यात डबल बेस!

अंधेरीला उतरा, रिक्षा पकडा, थेट इंडस्ट्रियल इस्टेट गाठा. तिथल्या एका गाळ्यात मेटल अल्बमचे ड्रम्स रेकॉर्ड होतायत! मुंबईच्याच ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने २०१७मध्ये ‘दशावतार’ काढला. आता या पोरांचा नंबर.

बजेटचा फंडा सोपा. गिटार, बेस घरीच, लॅपटॉपवर. पैसे फक्त ड्रम्सवर, कारण किक, स्नेअर, टॉम, सिम्बल, सगळ्यांना माइक लागतात. म्हणून स्टुडिओ एकच दिवस बुक. नवी स्किन ताणली, किकमध्ये उशी कोंबली, कानात क्लिक.

आठला गाळा सोडायचाय, दोन गाणी बाकी.

‘कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम कर ना,’ मी सुचवते.

‘अगं, मग ऑफिस सुटल्यावर इतकी वर्षं पाय कशाला झिजवले?’ ड्रमर हसतो.

पावणेआठ. शेवटचा टेक. ओके!