मालदीवची पाटी

लहानपणी आपण सर्वांनीच निरनिराळी सोंगे घेतलेली असतात. कोणी दुकानदार होतो, कोणी गुरुजी होतो, तर कोणी काठीचा घोडा करून शिवरायांचा मावळा होतो. विद्यापीठात शिकत असताना मीही असेच एक सोंग घेतले. फरक एवढाच, की ते एका व्यक्तीचे नसून एका संपूर्ण देशाचे होते.

२४ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाचे आज १९३ देश सभासद आहेत. त्याच्या सभांचा हुबेहूब नमुना विद्यार्थी उभा करतात; त्याला अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद म्हणतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची अशी परिषद अनेक दशकांपासून भरते. आता आपल्याकडील महाविद्यालयांतही ती भरते. प्रत्येकाला एक देश नेमून दिलेला असतो व समोर त्या देशाच्या नावाची पाटी असते. बोलायचे असल्यास पाटी उंच धरावी, अध्यक्षांनी नाव पुकारले म्हणजे उठावे, आणि 'मी' न म्हणता 'माझा देश' म्हणावे, असा तिथला शिरस्ता.

"ना परीक्षेत गुण, ना पदरात पैसा, मग हा खटाटोप कशासाठी?" असे वसतिगृहातील मित्रांनी मला विचारले. त्याचे खरे कारण माझ्या गावी होते. कोकणातील आमच्या गावात दोन वाड्यांमध्ये पाटाच्या पाण्यावरून जुना तंटा होता. वरच्या वाडीतील सुपारीच्या बागा आधी भिजत. खालच्या वाडीपर्यंत पोहोचेतो पाट आटलेला असे. देवळाच्या सभामंडपात बैठका होत. प्रत्येकजण आपली बाजू पोटतिडकीने मांडी. पण समोरचा काय म्हणाला, असे विचारले तर ते कोणालाही धड सांगता येत नसे. परिषदेच्या पत्रकातील एका नियमाने म्हणूनच मला ओढून नेले. आपला देश मागून मिळणार नाही. वाट्याला येईल त्या देशाची बाजू मांडावी लागेल, असा तो नियम होता.

माझ्या वाट्याला मालदीव आला. सुमारे १,२०० चिमुकल्या बेटांचा हा देश. त्याची सुमारे ८० टक्के भूमी समुद्रसपाटीपासून एक मीटरहूनही कमी उंच आहे. पृथ्वी तापून समुद्र चढू लागला, तर त्या लोकांनी जावे कोठे? तिथे चढून बसायला डोंगर नाही. १९८७ साली त्यांचे राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी हेच गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत मांडले होते. महिनाभर ग्रंथालयात बसून मी हे सारे वाचले, आणि नकाशावरील ते ठिपके मला ओळखीचे वाटू लागले.

खरी कसोटी परिषदेत लागली. २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत दगडी कोळशाचा वापर 'संपवत न्यावा' असे मसुद्यात होते. भारताच्या सूचनेवरून 'घटवत न्यावा' असे शब्द आले. बेटांवरील राष्ट्रे त्याने हिरमुसली. आमच्या समितीतही तोच प्रश्न निघाला. भारताची पाटी एका मुलीपुढे होती. "आमच्या घराघरांतील दिवा मुख्यतः कोळशाच्या विजेवर जळतो. ज्या देशांनी शतकभर धूर केला, त्यांनी आम्हांस आजच चूल विझवायला सांगू नये," असे ती ठामपणे म्हणाली. माझे मन म्हणत होते, ती तुझ्याच घराची बाजू मांडते आहे. समोरची पाटी म्हणत होती, समुद्र उंबऱ्याशी आला आहे. मी पाटी उंचावली आणि म्हणालो, "भारताची अडचण माझा देश जाणतो. पण दिवा उशिरा लागला, तर घर अंधारात राहील. समुद्र चढला, तर माझे घरच राहणार नाही."

मधल्या सुटीत चहाचे पेले हाती घेऊन आम्ही दोघे मसुद्यावर वाकलो. तो ठराव म्हणजे एकच लांबलचक वाक्य असते. त्यातील एका क्रियापदावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी कोळसा टप्प्याटप्प्याने घटवावा, आणि श्रीमंत देशांनी सौर विजेसाठी व बेटांच्या बंधाऱ्यांसाठी पैसा द्यावा, असे ठरले. दोघांनाही सर्व काही मिळाले नाही. पण दोघांचेही म्हणणे त्या वाक्यात होते. ठराव बहुमताने संमत झाला.

आमच्या ठरावाने समुद्र तसूभरही उतरला नाही, हे मी जाणतो. परदुःख शीतळ असते, असे आपल्याकडे म्हणतात. ते तसे असते, कारण आपण ते दुरून पाहतो. तीन दिवस दुसऱ्याच्या नावाची पाटी पुढे ठेवून बसले, की त्या दुःखाची धग हाताला लागते. मित्रांच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच, की ती धग मला अनुभवायची होती.