कृष्ण तेव्हा कुठे होता?

आमच्या पिढीला महाभारत आधी दूरदर्शनने शिकवलं, विद्यापीठाने नंतर. मयसभेचा प्रसंग तर तोंडपाठ होता. दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी हसते, आंधळ्याचा मुलगा आंधळाच असं काहीतरी बोलते आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडतं! आमच्या गावच्या कीर्तनातही हे असंच होतं, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं.

संस्कृत घेऊन एम. ए. करताना सभापर्व शिकवायला ज्या बाई होत्या, त्यांचं ऋण सांगायचं म्हणून हा लेख. त्यांचं नाव लिहीत नाही. छापलेलं त्यांना रुचणार नाही. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "द्रौपदीचं ते वाक्य मला भांडारकरच्या प्रतीत काढून दाखवा."

भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीचं पान पहिल्यांदा पाहणाऱ्याची छाती दडपते. वर श्लोक मोजके, खाली बारीक टायपातल्या तळटीपांची गर्दी. काश्मीरकडची शारदा लिपीतली पोथी काय म्हणते, मलयाळम पोथ्या काय म्हणतात, कुणी कुठला शब्द बदलला, कुणी दोन ओळी जास्तीच्या घातल्या, सगळं तिथे मांडलेलं. जिथे संपादकांनाच पुरती खात्री नाही, तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ. मला त्या रेघेचं अजून अप्रूप आहे. आपल्याला नक्की ठाऊक नाही, हे इतक्या उघडपणे छापणारे विद्वान आपल्याकडे होते. १९१९ साली सुरू झालेलं हे काम १९६६ साली पुरं झालं. १२५९ हस्तलिखितं पडताळली गेली. १९२५पासून धुरा वाहणारे वि. सी. सुकथनकर १९४३ सालीच गेले. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही कथासुद्धा या मंडळींनी मूळ पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. पुण्यात बसून गणपतीला परिशिष्टात पाठवायचं म्हणजे हिंमतच लागते.

तर, आम्ही शोधायला बसलो. त्रेचाळिसाव्या अध्यायात दुर्योधन पाण्यात पडतो. हसतात कोण? नोकरचाकर, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. द्रौपदीचं नावसुद्धा नाही. पुढे शेहेचाळिसाव्या अध्यायात ती सापडली. कृष्ण अर्जुनासह मोठ्याने हसला, बायकांसह द्रौपदीही हसली, असं तिथे स्पष्ट आहे. आंधळ्याचं वाक्य तिथेही नव्हतंच, पण निदान हसणं तरी मिळालं म्हणून आम्ही खूश.

बाईंनी शांतपणे विचारलं, "हे कोण सांगतंय?"

दुर्योधन.

"कुणाला?"

बापाला. द्यूताला परवानगी मिळवायला.

"आणि कृष्ण तेव्हा कुठे होता?"

पुन्हा पानं मागे उलटली. बेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी राजसूय आटोपून कृष्ण द्वारकेला निघून गेलेला आहे. दुर्योधन आणि शकुनी तेवढे सभेत मागे राहिले आहेत. म्हणजे दुर्योधनाच्या तक्रारीतला मुख्य हसणारा तिथे हजरच नाही! मग द्रौपदी तरी होती का? दुर्योधन बेमालूम खोटं बोलतोय, की अपमानाच्या भरात त्याला सगळं जग हसताना दिसतंय? बाईंनी निकाल दिला नाही. "दोन्ही बाजूंनी लिहून आणा," एवढंच म्हणाल्या.

वर्गातल्या काहींना मग प्रक्षेपांचं वेडच लागलं. जे नावडेल ते प्रक्षिप्त, म्हणजे खोटं! बाईंनी ही चैनही फार दिवस चालू दिली नाही. मागाहून घातलेली ओळसुद्धा पुरावाच असतो, मात्र तो घालणाऱ्याच्या काळाचा, असं त्यांचं म्हणणं. संशोधित पाठात नसलेलं ते वाक्य द्रौपदीच्या तोंडी चिकटलं आणि कीर्तनापासून मालिकेपर्यंत टिकलं, याचं कारण आमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एवढ्या मोठ्या युद्धाचं खापर फोडायला बाईची जीभ नेहमीच सोयीची असते. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' त्यानंतर वाचलं. त्यांनीही आधार घेतला तो याच संशोधित आवृत्तीचा. त्या पुस्तकातली माणसं इतकी उघडीवाघडी, आपल्यासारखी का वाटतात, ते तेव्हा कळलं.

पुढे पोटापाण्यासाठी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर आलो. प्रेसनोट असो की पंचनामा, हात आपोआप बाईंच्या प्रश्नांकडे जातो. 'सूत्रांकडून समजते' असं लिहिणारे नवे वार्ताहर माझ्यावर वैतागतात. मी कधीकाळी बाईंवर वैतागायचो, तेवढेच.

बाई आता निवृत्त आहेत. भेटायला गेलं की चहाच्या आधी काय वाचतोस ते विचारतात. ऋणातून मोकळं व्हायची मला घाई नाही. वाचकांना मात्र एक विनंती आहे. सभापर्वातले ४२, ४३ आणि ४६ हे तीन अध्याय संशोधित आवृत्तीत एकदा सलग वाचा. संस्कृत येत नसेल, तर येणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा.