न लावलेला कौल

गेल्या वर्षीच्या आषाढात बोरगावहून एक पत्र आले. पत्ता हिंदीत, आतील मजकूर मराठीत आणि अक्षर अनोळखी. ‘बाबा गेले. त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर तुमचा पत्ता होता, म्हणून कळवीत आहे.’ एवढ्या दोन ओळींखाली मुलाची सही होती.

ज्याच्या शेजारी मी शाळेत तीन वर्षे बसलो, तो माझा वर्गमित्र गेला. त्याचे नाव मी येथे घालीत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

बोरगाव नावाची गावे शेकड्यांनी सापडतील. हे बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे, सौंसरजवळचे. माझे वडील टपालखात्यात होते व त्यांची बदली सौंसरला झाली होती. जागा स्वस्त मिळाली म्हणून आमचे बिऱ्हाड बोरगावी पडले. घरात कोंकणी, बाहेर ‘काहून’ आणि ‘जाऊन राह्यलो’ची मराठी, पहिला महिनाभर मी वर्गात तोंडच उघडले नाही. ते उघडविले त्याने. डब्यातील माशाचा वास आला तरी नाक न मुरडणारा वर्गात तो एकटाच होता. त्याचे घर माळकरी होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट लहान वाटणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही पाचवीत होतो. तोपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून ती भोपाळ झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मागे राहिला. आम्हा मुलांना यातले काही कळले नाही. भूगोलाच्या तासाला मास्तरांनी भिंतीवरचा नकाशा गुंडाळून ठेवला, एवढे मात्र आठवते. पुढे कचेरीचे कागद हिंदीत येऊ लागले. त्याचे वडील ते कागद मुलाकडून वाचून घेत, आणि तो वाचता वाचताच त्यांची मराठी करून सांगे. हे काम त्याने जन्मभर साऱ्या आळीसाठी केले. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निराळा झाला व सौंसर त्यात गेले. त्या माणसाने घर कधी बदलले नाही. पत्ता मात्र बदलत गेला.

आमच्या घरी त्या वर्षांत निराळेच दुःख होते. १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची हद्द बंद झाली होती. फोंड्याकडे आमचे कुलदैवत. तेथली जत्रा चुकू लागली. पालखीची तिथी आली की आई देवघरासमोर बसून म्हणे, ‘देवा, वाट केन्ना उगडटली?’ तिचे ऐकून मी शाळेत त्याला आमच्या देवळाच्या गोष्टी सांगे. दीपस्तंभ, तळी, आणि सर्वांत अधिक रंगवून कौलाची गोष्ट: भटजी गाऱ्हाणे घालतात, ओल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर लावतात, उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार; आणि सारे घर श्वास रोखून पाकळीकडे पाहत उभे असते. वाचकांना यात नवीन काही नाही. त्याला ते अद्भुत वाटे. ‘म्हणजे तुमचा देव बोलते?’ असे तो पुन्हा पुन्हा विचारी.

एकदा आईची आठवण सांगताना मला रडू आले. तो म्हणाला, ‘तुया देवाले कुलूप लागलं तं काहून रडून राह्यला? तवरिक आमच्या मारुतीले पूस.’ आणि येत्या शनिवारी त्याने मला जामसावळीला नेले. तेथील मारुती उभा नाही. तो निजलेला आहे. त्याच्या नाभीतून पाझरणारे पाणी तीर्थ म्हणून देतात. मी विचारले, ‘हा तर झोपला आहे, ऐकणार कसे?’ तो म्हणाला, ‘झोपला नाही बे, पडून ऐकते.’

१९५९ साली वडिलांची मुंबईस बदली झाली. सौंसरच्या स्थानकावर तो मला पोहोचवायला आला होता. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. पण तिच्या मागे काही अंतर तो सहज पळू शकला, इतकी ती सावकाश चाले. त्यानंतर वर्षाला त्याचे एक पत्र येई, हनुमान जयंतीच्या सुमारास, आत कागदाच्या पुडीत अंगारा. मी सुरुवातीस चार पाने लिही, मग एक, मग पोस्टकार्ड.

१९९४ साली त्याचे वेळेबाहेर पत्र आले. बोरगावला औद्योगिक वसाहत झाली होती आणि रस्त्याकडेच्या जमिनीला गिऱ्हाईक येऊ लागले होते. त्याची चार एकर संत्र्याची बाग कोणी मागत होते. पैसा आला तर मुलाला नागपूरला शिकवता आले असते. पण बाग वाडवडिलांची. ‘गिऱ्हाईक महिनाभर थांबतो म्हणते. तुमच्या देवाले कौल लावून कळव. तो सांगेल तसे करीन.’

मी मुंबईत होतो. गोव्याला जाणे महिन्याभरात जमत नव्हते, असे मी स्वतःला सांगितले. खरे असे की रजा मागण्याचा कंटाळा होता, आणि पाकळीच्या पडण्यावर व्यवहार ठरवावा हे मला, शिकलेल्या माणसाला, पटत नव्हते. तेवढे तरी प्रामाणिकपणे लिहायला हवे होते. पण मला त्या बागेतली विहीर आठवली, आंबिया बहाराच्या फुलांचा वास आठवला, आणि मी लिहिले: ‘डावी पाकळी पडली. विकू नये.’

त्याने विकली नाही. पुढील पत्रांत विहीर आटल्याचे आले, मग नव्या बोअरसाठी काढलेल्या कर्जाचे, मग झाडे वाळल्याचे. तक्रारीचा शब्द एकाही पत्रात नव्हता.

तेरवी होऊन गेल्यावर मी बोरगावला पोहोचलो. मुलगा आता पन्नाशीकडे झुकलेला, वसाहतीतील कारखान्यात पाळीवर जाणारा. त्याने चहा दिला आणि हरिपाठाची जुनी पोथी काढून माझ्यासमोर ठेवली. तीत माझे १९९४ चे पत्र होते. घड्या झिजून ते चार तुकड्यांत वेगळे व्हायला आले होते.

‘जमीन गेली शेवटी, तुकड्यातुकड्यानं,’ तो म्हणाला. ‘मी चिडलो का बाबा हे दाखवत. म्हणत, देवानं सांगितलं होतं, त्यात आपली चूक नाही.’

मी सांगावयास हवे होते. आतल्या खोलीत त्याची आई बसली होती, तिला ऐकू जाईल असे वाटले. आणि हेही एक निमित्तच. मी पत्र घडी करून पोथीत परत ठेवले.

या अंकाची एक प्रत मी बोरगावला पाठविणार आहे. मुलगा हिंदी शाळेत शिकला. पण त्याला मराठी वाचता येते. संध्याकाळी कंदील लावून बापाने ती त्याला शिकविली होती.