लोणारच्या काठावर कॅमेऱ्याची शाळा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जन्म काढूनही लोणारचे तळे नीट न पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. सहल येते, काठावरून खाली डोकावते, फोटो काढते आणि एस. टी. पकडते. यंदाच्या हिवाळ्यात आम्ही तिथे जवळजवळ अख्खा दिवस काढला, तो बारा कॉलेजच्या मुलामुलींबरोबर. मेहकरकडच्या या मुलांनी आपसात एक गट केला आहे. दर रविवारी जमून ती शूटिंग शिकतात. सामान म्हणाल तर चार मोबाइल, एक उसना कॅमेरा आणि एक स्टँड. शिकवणारे सर लग्नाचे व्हिडिओ काढतात. मुलींच्या घरच्यांनी ‘मोठे माणूस सोबत पाहिजे’ अशी अट घातल्याने आमची वर्णी लागली. दिवसाची कामे दोन ठरली होती : सकाळी तळे आणि परतीच्या वाटेवर गटातल्याच एका मुलीच्या आजीची मुलाखत.

मेहकरहून लोणार साधारण पंचवीस किलोमीटर. काठावर पोचलो तेव्हा ऊन कोवळे होते. सरांचा पहिला धडा ऐकून आम्हाला हसू आले. ‘खिशातला रुमाल काढा आणि काच पुसा.’ पण बाराही जणांच्या काचेवर बोटांचे ठसे निघाले! दुसरा धडा, फोन आडवा धरा, कोपरे बरगड्यांना टेकवा आणि दहा आकडे मोजेपर्यंत हलू नका. ऐकायला सोपे, करायला महाकठीण. कॅमेरा फिरवायचाच असेल तर कुठे थांबायचे ते आधी ठरवा. सुरुवातीला स्थिर, शेवटीही स्थिर. पाण्याचा पाइप धरून अंगणात सडा मारल्यासारखा फोन फिरवला, तर पाहणाऱ्याला भोवळ येते.

उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. गावकऱ्यांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते, हे सांगायला नकोच. पण एवढे मोठे विवर मोबाइलमध्ये आले की गावतळ्याएवढे दिसते. मुले हिरमुसली. सरांनी एका मुलाला काठाने दूर चालत जायला सांगितले. तो मुंगीएवढा झाला आणि त्या मुंगीमुळे विवर एकदम विवर दिसू लागले. चौकटीत माणूस असल्याशिवाय जागेचे माप कळत नाही, हे आम्हाला वयाच्या पंचेचाळिशीत समजले.

एका मुलाच्या मनात फोनमध्येच पाण्याला गुलाबी रंग द्यावा असे आले. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी खरेच गुलाबी झाले होते. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे तसे घडले, असे शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले. त्याच वर्षी तळ्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. सर म्हणाले, ‘गुलाबी दाखवायचे तर २०२० ची क्लिप शोध आणि खाली साल लिही. आज पाणी हिरवे आहे, हिरवेच दाखव.’ आम्हाला हे फार पटले. पूर्ण दिवसात एवढे मोलाचे दुसरे काही शिकवले गेले नसेल.

गावातल्या दैत्यसूदन मंदिरात अंधाराचा धडा झाला. उजेडाच्या दाराकडे पाठ करून माणूस उभा केला की चेहरा काळा येतो. मग एक तर त्याला फिरवा, नाही तर पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबा. एका मुलीने ओढणी बाहेरच्या उन्हात धरली, तर भिंतीवरची मूर्ती उजळून निघाली. पांढऱ्या कापडाला पैसे पडत नाहीत.

जेवताना सरांनी नामदेवराव व्हटकरांची हकिकत सांगितली. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. ती चित्रित करायला व्हटकरांनी पदरमोड करून कॅमेरा आणि फिल्म उभी केली. म्हणून आज आपण तो जनसागर पाहू शकतो. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपटही शिकत असतानाचा, अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या कॉलेजातला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुले घास हातात धरून ऐकत होती.

दुपारी आजीकडे पोचलो. जयभीम झाले, चहा झाला. आजींनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, छातीचे दुखणे आहे. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेला त्या सात वर्षांच्या होत्या, बापाच्या खांद्यावर बसून गेलेल्या. गावातून तेव्हा गेलेल्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्या आहेत. स्टँड लावले, लाल दिवा लागला आणि आजी गप्प.

‘काय बोलू माय त्या डबड्यापुढं?’

नातीने डोके चालवले. पंखा बंद केला, कारण त्याची घरघर आवाजात मिसळते. स्टँड बाजूला सरकवले, दुसरा फोन आवाजासाठी आजींच्या मांडीजवळ उशीवर ठेवला आणि स्वतः जमिनीवर बसून विचारले, ‘आजी, नागपूरला जाताना भाकरी बांधून नेली होती का वं?’

‘भाकरी अन् ठेचा. मायनं पांढरं लुगडं उसनं आणलं होतं. मले खाली उतरू देत नव्हते, हरपेन म्हणून.’

मग आजी बावीस मिनिटे बोलल्या. मध्ये बकरी ओरडली, एकदा आजी बराच वेळ थांबल्या. ती शांतता कापावी की ठेवावी, यावर परतीच्या गाडीत मुलांचा वाद झाला. ठेवायची असे ठरले.

आमच्या कारकुनी डोक्याने गटासाठी एक वही घातली आहे : तारीख, जागा, कोण बोलले, किती मिनिटे, क्लिप कुठे ठेवली. आजींची एक प्रत त्यांच्या घरी पेन ड्राइव्हमध्ये, दुसरी विहाराच्या कपाटात. चार दिवसांनी नातीने आजींना रेकॉर्डिंग दाखवले. पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, लुगड्याचा काठ निळा होता, ते सांगायचे राहिले. येत्या रविवारी गट पुन्हा तिकडे जाणार आहे.