तेहतीस शेक

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच उन्हाळ्यात मी घशाचा कॅन्सर घेऊन लातूरला बहिणीच्या घरी राहायला गेलो. तंबाखू सोळाव्या वर्षापासून होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, दोष माझाच.

डॉक्टर रेडिएशन म्हणायचे, आम्ही पेशंट लोक शेक म्हणायचो. आठवड्याला पाच, असे तेहतीस शेक घ्यायचे होते. मान तीळभर हलू नये म्हणून तोंडावर जाळी बसवतात. प्लास्टिकचा भोकं पाडलेला पत्रा गरम पाण्यात मऊ करायचा, ओलाच चेहऱ्यावर दाबायचा. थंड झाला की आपल्या नाकाडोळ्यांचा साचा तयार. मग रोज तो साचा तोंडावर ठेवून टेबलाला खटाखट अडकवतात. माणसं बाहेर जातात, जाड दार लागतं, आत आपण एकटे. शेक घेताना दुखत काहीच नाही. दहा मिनिटांचं काम.

ती दहा मिनिटं मला सोसेनात. कारण जुनं होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या गावातून आम्ही दहा-बारा पोरं टेम्पोत बसून मदतीला गेलो होतो. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. माणसं झोपेतच गेली होती. एका घरात हातानं माती उकरताना माझ्या बोटांना एका बाईचं तोंड लागलं. नाकातोंडात माती गच्च बसलेली. घरी आल्यावर मी त्याबद्दल कुणाशी बोललो नाही. तेवीस वर्षांनी जाळी तोंडावर दाबली आणि ती माती माझ्या तोंडावर आली.

पहिल्या दिवशी हात वर केला. पोरगा मशीन थांबवून आत आला, जाळी काढली, पाणी दिलं, परत बसवली. तिसऱ्या दिवशी दोनदा हात वर केला. चौथ्या शेकानंतर रात्रभर डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी सकाळी टँकर आला, बायको घागर घेऊन रांगेत गेली आणि मी चप्पल घालून स्टँड गाठला.

नांदेडची गाडी लागलेली होती. बसलो. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मामा?" मला लोहा म्हणायचं होतं. आजारानं बसलेला आवाज, त्यात छाती धडधडत होती. तोंडातून हवा निघाली, शब्द नाही. त्यानं वाकून परत विचारलं. मागची माणसं बघायला लागली. मला दरदरून घाम फुटला आणि मी खाली उतरलो.

बायकोनं मला बाकड्यावर शोधून काढलं. तिचा पदर अजून ओला होता. रागावली नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, "अवं, आजाराला भ्यायलाव का त्या खोलीला?"

"खोलीला."

"मग आजाराचं डॉक्टराला सांगितलं, खोलीचं काहून नाही सांगितलं?"

त्याच दिवशी मशीनवरच्या पोराला खोलीचं सांगितलं. किल्लारीचंही सांगितलं, तिच्यासमोरच. पोरगं माझ्या धाकट्याच्या वयाचं. त्यानं मला टेबलावर घेण्याआधी खुर्चीत बसवलं. पायाची बोटं आवळून धरायला लावली, मग सैल सोडायला. तसंच पिंढऱ्या, मांड्या, मुठी, खांदे. मग म्हणाला, "मामा, श्वास घ्या चार आकड्यांचा आणि सोडा सहा आकड्यांचा. सोडायला जास्त वेळ लावा." डॉक्टरांनी नंतर माझंच बोट माझ्या नाडीवर ठेवून दाखवलं. श्वास सोडताना ठोके जरासे लांबतात. मी पन्नाशी ओलांडली होती, पण आपली नाडी आपल्याला कधी बघावीशी वाटली नव्हती. बैलाची बघितली होती.

आकड्यांनी मात्र माझं जमेना. चार म्हटलं की सोसायटीचं कर्ज, सहा म्हटलं की त्याचं व्याज. शेतकऱ्यानं आकडे मोजून शांत व्हावं हे सांगणाऱ्याला शेती नसावी! बायको म्हणाली मनात हरिपाठ म्हणा. तिला तो पाठ आहे, मला अर्धा येतो. पुढचं आठवेना म्हणून आणखी जीव घाबरा.

मग मी औत जुंपलं. आमची लाल कंधारी जोडी आदल्या दुष्काळात विकावी लागली होती, तीच जुंपली. श्वास सोडायचा तो एक तास, ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, घाई न करता. धुऱ्यावर बैल वळवायचे तेवढ्यात श्वास आत घ्यायचा. आमच्या खालच्या वावरात बासष्ट तास बसतात. पन्नाशीच्या पुढं गेलो की मशीनची घरघर थांबायची. काही दिवशी मधेच माती तोंडावर यायची, हात वर जायचा. पोरगं म्हणायचं, "काही हरकत नाही मामा, बैल परत लावा तासाला."

माझा पुतण्या मास्तर आहे. त्यानं सांगितलं, अमेरिकेतल्या हर्बर्ट बेन्सन नावाच्या डॉक्टरानं १९७५ सालीच ह्यावर पुस्तक लिहिलं. एखादा शब्द मनात घोळत ठेवला, भलते विचार आले तर नुसते जाऊ दिले, की शरीर निवतं. आणि लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगाची प्रयोगशाळेत तपासणी चालवली होती. मी म्हटलं, बरं झालं, माझं औतही त्यातच बसतंय.

पण पंधराव्या शेकापासून घसा भाजून निघाला. थुंकी आटली. पेजेचा घोट उतरेना. शहरात पाणी नाही आणि माझ्या तोंडातही नाही. ते दुखणं श्वासानं गेलं नाही, त्याला औषधच लागलं. एक पाहुणा कुणालातरी घेऊन आला; तो म्हणाला शेक बंद करा, प्राणायामानं गाठ विरघळते. बायकोनं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

शेवटच्या आठवड्यात एका रात्री गच्चीवर जाग आली. बायको उठून बसलेली होती. हात धरला तर थंडगार. दीड महिना ती दारापाशी बसून होती आणि तिला भ्या वाटतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी माझ्या श्वासाचं तिला सांगितलं, औताचंही. ती म्हणाली, "तुमचं औत मला काय करायचं? मी चूल फुंकते." आणि खरंच तोंडाचा चंबू करून, फुंकणी धरल्यासारखं, लांब लांब श्वास सोडत बसली.

मृगाच्या तोंडावर शेक संपले. त्या साली पाऊसही चांगला झाला. आता वर्षातून एकदा तपासणीला लातूरला जावं लागतं. चाकूर मागं पडलं की पोटात गोळा येतो, अजूनही येतो. मी जोडी जुंपतो, ती फुंकणी धरते. मधे कंडक्टर आला तर तिकीट तीच काढते.