सरांचा हजेरीपट

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माणदेश नावाचा उघडाबोडका मुलूख आहे. तेथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच लगबगीने निघून जातो. माण नदीच्या काठी म्हसवड हे त्या भागातील मोठे गाव. सिद्धनाथाचे देवालय आणि घोंगड्या यांसाठी ते प्रसिद्ध आहे. त्याच परिसरातील एका खेड्यात माझे बालपण गेले. चौथीपर्यंतची शाळा गावात होती. पुढे मात्र आम्हां मुलांना जवळच्या मोठ्या गावातील हायस्कुलात पायी जावे लागे. त्या हायस्कुलात आम्हांला इंग्रजी शिकविणारे जे सर होते, त्यांची आठवण साठी उलटल्यावर आजही माझ्या मनात ताजी आहे.

सर मूळचे कोकणातले. लहानपणीच वडील वारल्यामुळे त्यांनी पुण्यास वार लावून शिक्षण केले. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवशी सात निरनिराळ्या घरी जेवण्याची सोय करणे. एखादे घर कमी पडले, की त्या दिवशी ते पाण्यावर भागवीत. पदवी मिळाल्यावर ते एका वर्षासाठी म्हणून आमच्या हायस्कुलात आले आणि सेवानिवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. पांढरे धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि हाती एक जुनी सायकल, एवढाच त्यांचा थाट होता.

त्या काळी आमच्याकडील मुलांना इंग्रजीची मोठी धास्ती वाटे. घरात अक्षराशी कोणाचाच संबंध नाही, मग इंग्रजी तर दूरच राहिली! इंग्रजीत नापास होणे आणि शाळा सुटणे यांत फारसे अंतर नसे. सरांनी प्रथम ही धास्ती घालविली. पहिल्याच तासाला त्यांनी विचारले, "मुंगूस कोणी पाहिले आहे काय?" सगळ्या वर्गाने हात वर केले. तेव्हा सर म्हणाले, "इंग्रज त्याला 'मंगूस' म्हणतात. हा शब्द त्यांनी आपल्या मराठीतून उचलला आहे. तुमच्या बांधावरचे मुंगूस जर न भिता विलायतेस गेले, तर तुम्हांला पुस्तकातल्या इंग्रजीचे भय का वाटावे?" सारा वर्ग हसला आणि अर्धी भीती त्या हसण्यातच विरून गेली.

शाळेच्या कपाटात मोल्सवर्थ यांचा जाडजूड मराठी-इंग्रजी कोश होता. सर तो दोन्ही हातांनी उचलून आणीत आणि आमच्यापुढे ठेवीत. हा कोश प्रथम १८३१ साली छापला गेला आणि १८५७ साली त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. मोल्सवर्थ हे कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी. परंतु मराठी शब्दांचा अर्थ जाणून घेण्यासाठी ते येथील पंडितांना हाताशी धरून वर्षानुवर्षे खपले. सर म्हणत, "परक्या देशातून आलेल्या माणसाने आपल्या भाषेसाठी एवढे कष्ट केले. मग आपण त्याच्या भाषेसाठी थोडे कष्ट केले, तर त्यात लाज कसली? भाषा कष्ट करणाराची होते."

इंग्रजी स्पेलिंग आम्हांला फार छळी. सुरीला इंग्रजीत 'नाइफ' म्हणतात. पण लिहिताना आरंभी 'के' हे अक्षर लिहावे लागते आणि त्याचा उच्चार मात्र करायचा नसतो. एका मुलाने वैतागून विचारले, "सर, जे अक्षर बोलतच नाही, ते ठेवायचे तरी कशाला?" सर म्हणाले, "फार पूर्वी इंग्रज लोक या 'के'चा उच्चार करीत असत. पुढे तो लोपला. आज ते अक्षर गप्प बसले आहे, म्हणून काय त्याचे नाव पटावरून कमी करायचे?" तेव्हा आम्ही हे उत्तर गमतीने घेतले. त्याचा खरा अर्थ पुढे दुष्काळाने आम्हांला शिकविला.

पाऊस आधीच दोन वर्षे कमी पडत होता. १९७२ साली तर त्याने पाठच फिरविली. विहिरींचे तळ दिसू लागले. गुरे छावणीत गेली. शेतकऱ्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने ठिकठिकाणी रस्ते, पाझर तलाव आणि खडी फोडणे अशी कामे काढली. पुढे याच काळातील अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मी त्या वेळी आठवीत होतो. माझे आईवडील खडीच्या कामावर जात आणि त्यांच्या हाताखाली मीही जाऊ लागलो. माझ्यासारखी आमच्या वर्गातील तेरा मुले शाळेतून उठून दगडांपाशी बसली होती.

वर्गात राहिलेल्या मुलांनी पुढे मला सांगितले, की सर रोज हजेरी घेताना आम्हां तेराही जणांची नावे पुकारीत. उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही प्रत्येक नावानंतर ते क्षणभर थांबत आणि मगच पुढचे नाव घेत.

एके दिवशी भर दुपारी सर सायकल रेटीत खडीच्या कामावर आले. भाकरी खाण्याची वेळ होती. त्यांना पाहून आई ओशाळली. ती म्हणाली, "गुरुजी, पोटाला नाही तर पाटीला घेऊन काय करायचं?"

सर नम्रपणे म्हणाले, "माउली, खरे बोललात. मी पोराला कामावरून न्यायला आलो नाही. भाकरी खाऊन झाल्यावर उरणारा अर्धा तास तेवढा मला द्या."

आईने होकार दिला. लिंबाच्या विरळ सावलीत सरांनी घोंगडी अंथरली आणि आमची शाळा भरली. सपाट दगड हाच फळा. सर म्हणाले, "तुम्ही येथे दिवसभर इंग्रजी बोलता, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? मस्टर, टेप, ब्रास, गँग हे सारे इंग्रजी शब्दच नव्हेत काय?" मग त्यांनी एकेक शब्द खडूने लिहून दाखविला. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच ढीग रचला म्हणजे एक ब्रास खडी होते, हा हिशेबही त्यांनी इंग्रजी आकड्यांत करवून घेतला. आमच्या हातांना घट्टे पडले होते. पण त्याच हातांनी आम्ही दगड, हातोडा, ढीग, धूळ आणि पाणी यांची इंग्रजी नावे लिहिली. दोनचार दिवसांत मुलांच्या मागे मोठी माणसेही येऊन बसू लागली. आपल्या खडीच्या ढिगाचे माप आपल्याला काढता यावे, असे त्यांनाही वाटू लागले होते.

उन्हाळा तापत गेला, तरी आठवड्यातून तीन दिवस सर येत राहिले. पुढे वार्षिक परीक्षा आली. फार दिवस गैरहजर राहिलेल्या मुलांची नावे कमी करण्याचा नियम होता. तेव्हा सरांनी एक लहानशी वही मुख्याध्यापकांपुढे ठेवली. खडीवर भरलेल्या प्रत्येक तासाची तारीख, त्या दिवशी शिकविलेला पाठ आणि हजर मुलांची नावे तीत नीट लिहिलेली होती. सर म्हणाले, "ही मुले शाळेतून गेली नव्हती. शाळाच त्यांच्यापासून लांब पडली होती." मुख्याध्यापकांनी वही शांतपणे चाळली आणि आम्हांला परीक्षेस बसण्याची परवानगी दिली.

१९७३ साली पाऊस पडला आणि आम्हां तेरांपैकी अकरा मुले वर्गात परतली. दोघे मात्र आली नाहीत. त्यांतील एकजण मुंबईस जाऊन कापडाच्या गिरणीत लागला. सरांनी त्याचा पत्ता मिळविला व ते त्याला दर महिन्याला एक पोस्टकार्ड पाठवू लागले. त्यावर इंग्रजीत चारपाच सोपी वाक्ये असत. त्याचे उत्तर आले, की सर त्यातील चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून तेच कार्ड पाकिटात घालून परत पाठवीत. पुढे तो मुलगा रात्रशाळेत जाऊ लागला आणि तेथूनच शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला. दुसऱ्याचा मात्र ठावठिकाणा लागला नाही. त्याचे नाव निघाले, की नेहमी बोलके असणारे सर कितीतरी वेळ गप्प राहत.

मीही पुढे शिक्षक झालो आणि मग मुख्याध्यापक. वर्षाकाठी पटावरून नावे कमी करण्याचा कागद माझ्या मेजावर येई. त्यावर सही करण्यापूर्वी त्या त्या मुलाच्या घरी जाऊन येण्याचा परिपाठ मी अखेरपर्यंत मोडला नाही. कोठे आजारी आई असे, कोठे लहान भावंड सांभाळायचे असे, तर कोठे बापाचे कर्ज असे. प्रत्येक मूल परत आले असे नाही. पण पुष्कळशी आली.

सर आज हयात नाहीत. खडीवरच्या शाळेची ती वही त्यांनी निवृत्त होताना माझ्या स्वाधीन केली. तिच्या पानांवर अजून दगडाची धूळ आहे आणि तीत आमची तेराही नावे आहेत. मुलांनो, तुमच्या वर्गातही एखादी जागा काही दिवस रिकामी राहत असेल. ती रिकामी का आहे, हे शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जाऊन विचारा; आणि जाताना त्या दिवशीचा अभ्यास लिहिलेली आपली वही बरोबर न्यावयास विसरू नका.